अ‍ॅब्जेक्शन: शब्द आणि संकल्पना (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

समीक्षेचा लेख वाचताना, चित्रप्रदर्शनाचं माहितीपत्रक चाळताना किंवा भयपटावरची चर्चा ऐकताना हा शब्द आडवा येतो आणि माणूस अडतो. शब्दकोश उघडला तर 'दैन्य, हीन अवस्था' असा अर्थ मिळतो. तो समोरच्या वाक्यात बसत नाही. खालचे प्रश्न अशा अडलेल्या वाचकांचे आहेत. आधी शब्दाचे, मग संकल्पनेचे, शेवटी आडवळणाचे. तेच तेच पुन्हा सांगायला लागू नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अ‍ॅब्जेक्शन म्हणजे काय, एका वाक्यात सांगाल का?

जे आपलंच आहे किंवा कधीतरी आपलं होतं, ते 'हा मी नव्हे' म्हणत जोरात दूर भिरकावणं, आणि ते पुरतं दूर जात नाही म्हणून अस्वस्थ होत राहणं, या दोन्हीला मिळून अ‍ॅब्जेक्शन म्हणतात. जे भिरकावलं जातं ते 'अ‍ॅब्जेक्ट'. किळस ही या क्रियेची सर्वांत ओळखीची खूण आहे. पण ताप म्हणजे आजार नव्हे, तसं किळस म्हणजे अ‍ॅब्जेक्शन नव्हे.

२. हे 'ऑब्जेक्शन'च ना? छपाईची चूक असेल.

चूक नाही. 'ऑब्जेक्शन' म्हणजे हरकत, ती न्यायालयात घेतली जाते. पहिला स्वर 'अ‍ॅ' झाला की अर्थ पार बदलतो. दोन्ही शब्द एकाच घराण्यातले आहेत, ते पुढच्या उत्तरात.

३. शब्द मुळात आला कुठून?

लॅटिनमधून. 'अब' म्हणजे दूर आणि 'याकेरे' म्हणजे फेकणे. त्यापासून 'अब्येक्तुस', म्हणजे फेकून दिलेला, आणि 'अब्येक्तिओ', म्हणजे फेकण्याची क्रिया किंवा फेकून दिलेली गोष्ट. याच 'फेकणे'पासून निघालेले बरेच इंग्रजी शब्द आपण रोज वापरतो. 'ऑब्जेक्ट' म्हणजे समोर टाकलेलं, 'सब्जेक्ट' म्हणजे खाली टाकलेलं, 'प्रोजेक्ट' म्हणजे पुढे टाकलेलं. 'रिजेक्ट' आणि 'इंजेक्शन' हेही याच घरातले.

बायबलच्या जुन्या लॅटिन भाषांतरात एका स्तोत्रातला पीडित स्वतःला किडा म्हणवतो, माणूस नव्हे, आणि पुढे स्वतःला 'अब्येक्तिओ प्लेबिस' म्हणतो, म्हणजे लोकांनी टाकून दिलेला. (लॅटिन प्रतीत हे स्तोत्र २१ वं आहे, इतर बहुतेक प्रतींत २२ वं.) म्हणजे विसाव्या शतकातल्या सिद्धांताच्या कितीतरी आधीपासून या शब्दात वस्तूबरोबर माणूसही फेकला जात होता. ही गोष्ट प्रश्न १९ मध्ये कामाला येईल.

४. मग 'अ‍ॅब्जेक्ट पॉव्हर्टी' म्हणतात त्यात किळस कुठे आहे?

तिथे किळस नाही. 'फेकलेला'चा अर्थ हळूहळू 'खाली पडलेला' झाला आणि मग 'हीनदीन, लाचार' झाला. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये हा शब्द नाम म्हणूनही येतो, 'अ‍ॅब्जेक्ट्स' म्हणजे हलकी, टाकाऊ माणसं. आजच्या इंग्रजीत तो गरिबी, अपयश, माफी अशा मोजक्या शब्दांना चिकटून राहिला आहे. 'अ‍ॅब्जेक्ट पॉव्हर्टी' म्हणजे पराकोटीचं दारिद्र्य आणि 'अ‍ॅब्जेक्ट अपॉलॉजी' म्हणजे नाक घासून मागितलेली माफी. सुखाला किंवा यशाला हे विशेषण कुणी लावत नाही. बातमीत हा शब्द भेटला तर 'पराकोटीचा' किंवा 'लाजिरवाणा' असं भाषांतर पुरे. सिद्धांत तिथे ओढून आणू नये.

५. मराठीत काय म्हणायचं? 'किळस' चालेल का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्याचं एका शब्दातलं उत्तर नाही. 'किळस', 'घृणा', 'शिसारी' ही भावनांची नावं आहेत. त्यांत क्रिया नाही. 'तिरस्कार' नेमक्या कुणाचा तरी असतो आणि तो माणूस समोर स्पष्ट उभा असतो. अ‍ॅब्जेक्शनमध्ये समोर काय आहे हेच धड ठरत नाही. 'त्याज्य' हा शब्द फार शांत आहे. विचारपूर्वक सोडून द्यावं असं काहीतरी, असा त्याचा अर्थ. इथे तर विचाराआधीच हात झटकला जातो. 'विटाळ' जवळचा वाटतो, पण विटाळाला नियम असतात. तो कधी लागतो, किती टिकतो, कशाने जातो हे आधीच ठरलेलं असतं. अ‍ॅब्जेक्शनला अशी मुदत नाही.

मी स्वतः 'अव्हेर' हा शब्द वापरतो. हा माझा पर्याय आहे, सर्वमान्य प्रतिशब्द नव्हे. अव्हेरणं ही क्रिया आहे, त्यात झिडकारण्याचा जोर आहे, आणि ज्याचा आपल्याशी काहीतरी संबंध आहे त्यालाच अव्हेरलं जातं. रस्त्यातल्या दगडाला कुणी अव्हेरत नाही. शोधनिबंध लिहीत असाल तर पहिल्यांदा 'अ‍ॅब्जेक्शन' लिहा, एकदा 'म्हणजे अव्हेर' असं स्पष्ट करा आणि पुढे जा.

६. आपल्याकडे 'जुगुप्सा' आणि 'बीभत्स रस' आहेत की! नवीन काय आहे यात?

'जुगुप्सा' या शब्दाकडे आधी नीट पाहू या. त्याच्या मुळाशी 'गुप्' हा धातू आहे, म्हणजे राखणे, जपणे. त्याचं इच्छार्थक रूप म्हणजे जुगुप्सा: स्वतःला जपू पाहणं, आणि त्यातून एखाद्या गोष्टीपासून दूर होणं. लॅटिन शब्द हात पुढे करून फेकतो, संस्कृत शब्द अंग चोरून मागे सरतो. पण 'मी' आणि 'ते' यांत रेघ ओढायची धडपड दोन्हीकडे एकच आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रात जुगुप्सा हा बीभत्स रसाचा स्थायीभाव, म्हणजे त्याच्या मुळाशी टिकून असलेली भावना, आहे. तिथे बीभत्साचे प्रकारही केले आहेत. विष्ठा आणि कृमी पाहून होणारा तो उद्वेगी, रक्त वगैरेंमुळे होणारा तो क्षोभज. बीभत्सातून भयानक रस उपजतो असंही तिथे म्हटलं आहे. भयपटांचे अभ्यासक आज जे सांगतात त्याच्या हे फार जवळ आहे (प्रश्न १७).

तरीही फरक उरतो. रस प्रेक्षकाचा असतो. तो आसनावर बसलेला असतो आणि रंगमंच त्याच्यापासून लांब असतो, म्हणून आस्वाद शक्य होतो. अ‍ॅब्जेक्शनमध्ये हे अंतरच नाहीसं झालेलं असतं. शिवाय रसशास्त्र विचारतं की ही भावना कलेत कशी खुलते. अ‍ॅब्जेक्शनचा सिद्धांत विचारतो की ही भावना नसती तर 'मी' नावाचं काही उभं राहिलं असतं का.

७. हा सिद्धांत कुणाचा?

ज्युलिया क्रिस्तेवा यांचा. जन्म १९४१, बल्गेरियातलं स्लिवेन. १९६५ च्या अखेरीस त्या पॅरिसला आल्या, 'तेल केल' या नियतकालिकाभोवतीच्या लेखकांत रमल्या, आधी भाषाविचार आणि पुढे मनोविश्लेषण करू लागल्या. १९८० साली त्यांचं 'पुव्वार द लोरर' (म्हणजे 'भयाच्या शक्ती') हे पुस्तक आलं. त्याचं उपशीर्षकच 'अ‍ॅब्जेक्शनवरचा निबंध' असं आहे. १९८२ मध्ये इंग्रजी भाषांतर झालं आणि शब्द जगभर पसरला.

त्यांच्या आधी फ्रेंच लेखक जॉर्ज बताय यांनी १९३४ मध्ये याच शब्दावर टिपणं लिहिली होती. ती त्यांच्या मृत्यूनंतर छापली गेली. बताय यांचा रोख समाजातल्या चिरडलेल्या माणसांकडे होता. क्रिस्तेवांनी तो शब्द शरीराच्या आणि मनाच्या आत नेला. माझ्या मते या दोन वाटा पुन्हा एकत्र आणणं हेच पुढच्या अभ्यासकांचं खरं काम ठरलं.

८. दुधाच्या सायीचं काय प्रकरण आहे? सगळे तेच उदाहरण देतात.

कारण क्रिस्तेवांनी तेच दिलं आहे. दुधावर धरलेली पातळ साय ओठांना लागते आणि पोटात ढवळून येतं, घसा आवळतो, डोळ्यांत पाणी येतं. साय विषारी नाही, खराब नाही. मग हे का व्हावं? साय धड द्रव नाही, धड घट्टही नाही. ती कातडीसारखी आहे, आणि ज्याला कातडी आहे ते अन्न कसं?

यातली दुसरी पायरी लोक वगळतात. ते दूध आईवडिलांनी प्रेमाने पुढे केलेलं असतं. मूल ते नाकारतं तेव्हा त्यांची इच्छा नाकारत असतं आणि त्या नकारातून 'मी वेगळा' हे ठरवत असतं. पण अन्न हे मुलाच्या लेखी 'दुसरं' काही नसतंच. ते आईवडिलांच्या इच्छेतच गुंतलेलं असतं आणि मूलही तिथेच असतं. म्हणून थुंकून टाकताना ते स्वतःलाच थुंकून टाकतं.

'पण मला साय आवडते!' असं अनेक जण लिहितात. आवडू द्या. सिद्धांत सायीबद्दल नाही. एकाला ज्याने शिसारी येते त्यावर दुसरा ताव मारतो, यावरून एवढंच दिसतं की अव्हेर वस्तूत नसतो.

९. म्हणजे घाणेरडं ते अ‍ॅब्जेक्ट, बरोबर?

नाही. अस्वच्छता किंवा रोगट असणं हे त्याचं कारण नव्हे, असं क्रिस्तेवांनी स्पष्ट म्हटलं आहे. जे ओळख, व्यवस्था, सीमा बिघडवतं, जे अधलंमधलं आणि सरमिसळीचं आहे, ते अ‍ॅब्जेक्ट. इथे त्यांच्यावर मानववंशशास्त्रज्ञ मेरी डग्लस यांचं ऋण आहे. १९६६ च्या पुस्तकात डग्लस यांनी मांडलं की घाण म्हणजे चुकीच्या जागी असलेला पदार्थ. जोडे मुळात घाण नसतात, जेवणाच्या टेबलावर ठेवले की होतात.

पण एवढ्याने भागत नाही. चुकीच्या कप्प्यात ठेवलेलं पुस्तकही चुकीच्या जागीच असतं, त्याने कुणाला मळमळत नाही. जागा चुकलेली गोष्ट माझ्याच कडेची असेल, मी कुठे संपतो आणि बाकीचं जग कुठे सुरू होतं ती रेघ ती पुसत असेल, तरच पोट ढवळतं.

१०. स्वतःचीच थुंकी तोंडात असताना काही वाटत नाही, पेल्यात पडली की का वाटतं?

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये हाच प्रयोग कल्पनेत करायला सांगितला होता. तोंडातली लाळ गिळा. आता ती पेल्यात थुंका आणि पिऊन टाका. बोट कापलं तर आपण ते सहज चोखतो. तेच रक्त पट्टीवर लागलेलं चोखा म्हटलं तर अंगावर काटा येतो. द्रव्य तेच, माणूस तोच, मध्ये काही सेकंदच गेलेले.

ऑलपोर्टना यातून दाखवायचं होतं की आपल्या 'स्व'ला हद्द असते. क्रिस्तेवा वाचल्यावर त्याच प्रयोगात आणखी काही दिसतं. बाहेर पडलेली लाळ परकी झाली असती तर प्रश्न मिटला असता, पण ती पुरती परकी होत नाही. डोक्यावरचा केस आणि ताटातला केस, बोटावरचं नख आणि जमिनीवर पडलेला नखाचा तुकडा, सगळीकडे हेच आहे. या गोष्टी 'मी' नाहीत आणि 'मी नाही' असंही ठामपणे म्हणता येत नाही.

११. तसं असेल तर अश्रूंची किळस का येत नाही? तेही शरीरातून बाहेर पडतात.

प्रश्न चांगला आहे आणि क्रिस्तेवांनी तो टाळलेला नाही. अश्रू आणि वीर्य शरीराच्या सीमेवरचे असले तरी त्यांना दूषित करण्याची ताकद नाही, असं त्या नोंदवतात. दूषित करणाऱ्या गोष्टींचे त्या दोन गट पाडतात. विष्ठा आणि तिच्या जातीच्या गोष्टी, म्हणजे सडणं, रोग, प्रेत, हा ओळखीला बाहेरून असलेला धोका. मासिक पाळीचं रक्त हा आतून असलेला धोका, कारण ते स्त्री-पुरुष भेदाशी आणि पुढच्या पिढीच्या जन्माशी जोडलेलं आहे.

अश्रूंबद्दल माझं मत असं की ते जवळजवळ भाषा असतात. त्यांना लगेच अर्थ मिळतो: दुःख, आनंद, राग. ज्याला अर्थ मिळतो त्याची जागा ठरते. नाकातून वाहणाऱ्या पाण्याला असा अर्थ नाही, आणि रडणाऱ्या माणसाचे डोळे पुसणारा त्याचं नाक पुसताना किंचित थबकतो. वीर्य मात्र या यादीत फार सहज बसवलं आहे, असा आक्षेप घेणारे वाचक आहेत आणि मला तो पटतो.

१२. प्रेताला इतकं महत्त्व का?

कारण तिथे फेकण्याची क्रिया उलटते. एरवी मी काहीतरी बाहेर टाकतो आणि जगत राहतो. प्रेत म्हणजे असं शरीर, ज्यात टाकणारा 'मी'च टाकला गेला आणि टाकलेलं तेवढं उरलं. लॅटिनमधल्या 'पडणे' या क्रियापदापासून 'कडॅव्हर' हा शब्द आला, याकडे क्रिस्तेवा लक्ष वेधतात.

मृत्यूची कल्पना आणि प्रेत यांतही त्या फरक करतात. यंत्रावरची सरळ झालेली रेघ मला मृत्यूचा अर्थ सांगते. मी तो समजून घेतो, दुःख करतो, स्वीकारतो. सडण्याचा गोड-आंबूस वास काहीही सांगत नाही. जगण्यासाठी मी रोज काय दूर ढकलतो ते तो थेट नाकाशी आणून ठेवतो.

१३. या सिद्धांतात आई कुठून येते? आईला झिडकारायचं म्हणजे काय?

सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतात, म्हणून जरा सावकाश.

नवजात बाळाला 'मी' आणि 'तू' असा भेद नसतो. भूक, ऊब, दूध, स्पर्श, आवाज यांचा एकच प्रवाह असतो आणि तो आईच्या शरीराशी जोडलेला असतो. पुढे मूल भाषेत येतं, नावं शिकतं, 'मी' म्हणायला लागतं. मनोविश्लेषक फ्रॉइड आणि लकां यांचा भर या दुसऱ्या टप्प्यावर आहे. लकां यांच्या मते मूल आरशातल्या प्रतिमेत स्वतःला ओळखतं आणि 'मी' आकाराला येतो. क्रिस्तेवा विचारतात की आरशासमोर उभं राहण्याइतकं वेगळेपण मुलाकडे आलं कुठून? त्याआधीच काहीतरी तुटलेलं असलं पाहिजे.

ते तुटणं म्हणजे पहिला अव्हेर. अजून समोर 'आई' नावाची वेगळी व्यक्ती नाही, अजून 'मी'ही नाही, तरी ढकलणं सुरू झालं आहे. बाळ तोंड फिरवतं, ओकतं, अंग ताठ करतं. या ढकलण्यातूनच दोन बाजू तयार होतात. म्हणून क्रिस्तेवा म्हणतात की अ‍ॅब्जेक्ट हा कर्ताही नाही आणि कर्मही नाही. कर्ता आणि कर्म तयार होताना मध्ये सांडलेलं काहीतरी, असं त्याला म्हणता येईल.

आईचा द्वेष करा, असं यात कुठेच म्हटलेलं नाही. मुळात हे कुणी ठरवून करत नाही. पुढे याच आईवर जीव जडतो, कारण आता ती 'दुसरी' झालेली असते. पण पहिली रेघ कच्चीच राहते. पुढे आयुष्यभर जे काही ती रेघ पुसायला येतं, त्याला आपण त्याच जुन्या घाईने ढकलतो. या मांडणीवरचे आक्षेप प्रश्न २२ मध्ये आहेत.

१४. लहान मुलांना तर कशाचीच किळस नसते. मग भाषेच्या आधीचं अ‍ॅब्जेक्शन शक्य आहे का?

निरीक्षण बरोबर आहे. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांच्या १९८६ च्या प्रयोगात, कुत्र्याच्या विष्ठेसारखा दिसणारा पण खाण्याच्या पदार्थांचा बनवलेला गोळा दोन वर्षांखालच्या बहुतेक मुलांनी बिनदिक्कत तोंडात घातला. किळस शिकावी लागते, आणि ती मोठ्यांचे चेहरे पाहून शिकली जाते.

पण नावडीने थुंकणं जन्मापासून असतं. कडू लागलं की नवजात बाळही तोंड वाकडं करून बाहेर काढतं. क्रिस्तेवांचा पहिला अव्हेर या थुंकण्याच्या जातीचा आहे. विष्ठेची किळस हा त्यावर नंतर चढलेला, शिकवलेला थर. एवढं मान्य केलं तर दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात. थुंकणाऱ्या बाळाच्या आत खरंच 'मी' घडत असतो का, हे मात्र प्रयोगाने दाखवता येत नाही. तिथे सिद्धांतावर विश्वास ठेवावा लागतो.

१५. किळस रोगजंतूंपासून वाचवते, एवढं साधं स्पष्टीकरण पुरेसं नाही का?

बऱ्याच अंशी पुरेसं आहे. विष्ठा, पू, कुजलेलं मांस यांपासून दूर राहणारे पूर्वज जास्त तगले, हे उघड आहे. मेंदूतला 'इन्सुला' हा भाग दुर्गंध आल्यावर जागा होतो, आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची किळस पाहूनही, हे २००३ मधल्या एका अभ्यासात दिसलं आहे.

अडचण उरलेल्या भागाची आहे. रोझिन यांच्याच प्रयोगांत निर्जंतुक केलेलं झुरळ बुडवलेला रसही लोक पीत नाहीत. जंतू नाहीत हे त्यांना माहीत असतं, तरी पेला दूर सारला जातो. उत्क्रांती सांगते की हे यंत्र शरीरात का बसवलं गेलं. त्या यंत्राला माणूस पुढे कशाकशावर रोखतो, शेजाऱ्यावर, परक्यावर, स्वतःवर, ते विचारायला दुसरी भाषा लागते.

१६. फ्रॉइडचं 'अनकॅनी' आणि हे एकच का?

नाही. फ्रॉइडने १९१९ च्या निबंधात जे वर्णन केलं त्यात ओळखीची, दडपलेली गोष्ट अनोळखी होऊन परत येते. हुबेहूब माणसासारखी बाहुली, स्वतःचाच जुळा, असं काहीतरी. अ‍ॅब्जेक्शन त्याहून हिंसक असतं आणि त्यात ओळखीचा मागमूसही नसतो, असं क्रिस्तेवा म्हणतात. सोपी खूण सांगायची तर अनकॅनीने पाठीत शिरशिरी येते आणि अ‍ॅब्जेक्शनने पोटात ढवळतं.

१७. किळस येते तरी डोळे तिकडेच का वळतात? भयपट तर पैसे देऊन बघतो.

कारण फेकलेलं कधीतरी आपलं होतं. रेघेच्या पलीकडे भीती आहे, तशी ती रेघ नसतानाची एक विसरलेली मोकळीकही आहे. खपली काढणं, मुरूम फोडण्याचे व्हिडिओ तासनतास पाहणं, अपघाताजवळून जाताना मान वळवणं ही त्याचीच घरगुती रूपं.

भयपटाने यावर अख्खा व्यवसाय उभा केला आहे. जिवंतपणी मेलेले, माणूस असून जनावर, शरीराच्या आतून फाडून बाहेर येणारं काहीतरी. राक्षस भयंकर असतो तो दातांमुळे कमी आणि दोन्हीकडचा असल्यामुळे जास्त. चित्रपटांच्या अभ्यासक बार्बरा क्रीड यांनी १९९३ च्या पुस्तकात दाखवलं की भयपटातला राक्षस वारंवार स्त्रीच्या शरीराशी, विशेषतः जन्म देणाऱ्या शरीराशी जोडला जातो. १९७९ च्या 'एलियन' चित्रपटात पुरुषाच्या छातीतून बाहेर येणारा जीव हे त्यांचं गाजलेलं उदाहरण. चित्रपटगृहात आपण रेघ पुसू देतो, कारण दिवे लागल्यावर ती परत ओढता येणार आहे हे ठाऊक असतं.

१८. 'अ‍ॅब्जेक्ट आर्ट' म्हणजे नुसता धक्का द्यायचा प्रकार ना?

कधी कधी, हो. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात याच नावाने प्रदर्शन भरलं आणि नाव रूढ झालं. सिंडी शर्मन, किकी स्मिथ, माइक केली यांचं काम या संदर्भात पाहिलं जातं. त्याच्या खूप आधी, १९६१ मध्ये, पिएरो मान्झोनी यांनी 'कलावंताची विष्ठा' असं लेबल लावलेले ९० डबे विकायला काढले होते, प्रत्येकी ३० ग्रॅमचे. पण बंद डबा हा विनोद आहे. लेबल आहे, वजन आहे, क्रमांक आहे. प्रत्येक गोष्ट जागच्या जागी. किकी स्मिथची गळणारी, पाझरणारी मेणाची शरीरं पाहताना मात्र आपण नकळत स्वतःचं अंग चाचपतो. फरक तिथे आहे.

१९. माणसंही अ‍ॅब्जेक्ट असू शकतात का?

असतात असं म्हणू नये, केली जातात असं म्हणावं.

डार्विनने १८७२ च्या पुस्तकात एक आठवण लिहिली आहे. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, टिएरा देल फ्वेगोमध्ये, एका स्थानिक माणसाने डार्विन खात असलेल्या थंड मांसाला बोट लावलं आणि त्याच्या मऊपणाने त्याला स्पष्टच किळस आली. आणि एका उघड्या 'रानटी' माणसाने आपल्या अन्नाला हात लावला म्हणून डार्विनलाही किळस आली, जरी त्याचे हात घाण दिसत नव्हते. ही शेवटची कबुली डार्विनचीच आहे. मला वाटतं, या विषयावरचं इतकं प्रामाणिक वाक्य दुसरं नाही. हात स्वच्छ होते, तरी शिसारी आली. म्हणजे ती हातांची नव्हती.

समाजही शरीरासारखाच आपली कड ओढतो. राजकीय विचारवंत आयरिस मॅरियन यंग यांनी १९९० मध्ये मांडलं की वर्ण, लिंग, वय, अपंगत्व यांवरून होणारा भेदभाव कायद्याने गेला तरी अंगात उरतो. शेजारी बसताना सावरून बसणं, हात मिळवताना होणारी किंचित चुळबुळ. तत्त्वज्ञ ज्युडिथ बटलर यांनी १९९३ मध्ये म्हटलं की ज्यांना धड माणूस म्हणून मोजलं जात नाही अशांचा एक परिघ तयार केला जातो, आणि त्याच्या जोरावर आतले लोक स्वतःला 'योग्य माणूस' मानतात. बाहेरचे नसतील तर आतल्यांना आत असल्याचं कळणारच नाही.

याचं टोक कुठे जातं तेही पाहून ठेवावं. १९९४ च्या नरसंहाराच्या काळात रवांडात नभोवाणीवरून तुत्सी लोकांना 'इन्येन्झी' म्हणजे झुरळं म्हटलं जात होतं. शत्रू म्हटलं तर निदान समोर कुणीतरी आहे हे मान्य होतं. झुरळाशी बोलायचं नसतं, ते झाडून टाकायचं असतं.

२०. गुन्हा अ‍ॅब्जेक्ट असतो का? प्रत्येक गुन्हा?

प्रत्येक नाही. उघडपणे नीती झुगारणाऱ्यात एक भव्यता असू शकते, असं क्रिस्तेवा म्हणतात. तो कायद्याच्या समोर उभा राहतो. अ‍ॅब्जेक्ट असतो तो आड राहून केलेला, थंड डोक्याचा, तोंडावर हसू ठेवून केलेला गुन्हा. पाठीत सुरा खुपसणारा मित्र, शांत झोपणारा गुन्हेगार. कायदा किती तकलादू आहे ते तो दाखवतो.

त्यांचं सर्वांत जड उदाहरण आउश्वित्झ या नाझी छळछावणीच्या संग्रहालयातलं आहे: लहान मुलांच्या बुटांचा ढीग. रक्त नाही, दुर्गंध नाही, किळस येईल असं काहीच नाही. पण मृत्यूपासून ज्याने वाचवायचं त्यातच, म्हणजे बालपणातच, मृत्यू घुसलेला दिसतो. अ‍ॅब्जेक्शन म्हणजे किळस एवढंच समजणाऱ्याने या ढिगापाशी थांबावं.

२१. मला स्वतःचीच किळस येते. हे अ‍ॅब्जेक्शन आहे का?

असू शकतं. फेकणारा आणि फेकला जाणारा एकच असतो तेव्हा ते सर्वांत तीव्र असतं, असं क्रिस्तेवांचंही म्हणणं आहे. न्यूनगंडात 'मी कमी आहे' असं वाटतं, लाजेत 'लोक बघतायत' असं वाटतं. इथे 'मीच ते आहे, जे फेकायला हवं' असं वाटतं. प्रश्न १९ मधले बाहेर ढकललेले लोक ही भावना अनेकदा आत गिळून बसलेले असतात.

ख्रिस्ती साधनेत याचीच एक उलट वाट होती. फ्रान्सिस द साल यांच्या १६०९ च्या भक्तिग्रंथात 'नम्रतेमुळे आपल्याला आपलं अ‍ॅब्जेक्शन प्रिय होतं' अशा अर्थाचं एक प्रकरणच आहे. तिथे स्वतःचं क्षुद्रपण जाणून ते आनंदाने पत्करणं हा गुण होता.

पण ही भावना रोज सोबत असेल, झोप-जेवण बिघडवत असेल किंवा जगूच नये असं वाटत असेल, तर सिद्धांत वाचत बसू नका. आजच जवळच्या माणसाशी बोला आणि मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. त्यावर उपचार होतात.

२२. या सिद्धांतावर टीका कोणती झाली?

मुख्य टीका प्रश्न १३ मधल्या आईबद्दल आहे. समाजशास्त्रज्ञ इमोजेन टायलर यांनी २००९ च्या लेखात विचारलं की आईला अव्हेरल्याशिवाय 'मी' घडतच नाही असं धरलं, तर गरोदर आणि बाळंत स्त्रियांच्या वाट्याला प्रत्यक्ष येणारी घृणा आपण नैसर्गिक ठरवत नाही का? आणि जी स्वतः आई आहे, तिच्या बाजूने हा सिद्धांत कुणी लिहिला? २०१३ च्या पुस्तकात त्यांनी हीच संकल्पना ब्रिटनमधल्या गरीब, स्थलांतरित, भटक्या लोकांना लावली आणि शासन स्वतः अव्हेर कसा घडवून आणतं ते दाखवलं.

दुसरी टीका क्रिस्तेवांच्या पुस्तकाच्या उत्तरार्धावर आहे. तो सेलीन या फ्रेंच कादंबरीकाराबद्दल आहे, आणि सेलीनने ज्यूद्वेष्टी पत्रकं लिहिली होती. क्रिस्तेवा ते लपवत नाहीत, उलट शैलीतली उलथापालथ आणि द्वेष एकाच झऱ्यातून कसे येतात ते शोधतात. पण शैलीवर लुब्ध होताना द्वेषाचा हिशेब अपुरा राहतो असं वाटणारे बरेच आहेत. तिसरी तक्रार पुस्तकाच्या भाषेची. ती खरी आहे.

२३. निबंधात हा शब्द कधी वापरू नये?

'किळसवाणं' म्हणून काम भागत असेल तेव्हा. कवितेत रक्त आहे, कथेत उकिरडा आहे, एवढ्यावर ती अ‍ॅब्जेक्ट होत नाही. कुणाची कोणती रेघ पुसली जाते आहे आणि ती परत ओढायला कोण धडपडतं आहे, हे दाखवता येत असेल तरच वापरा.

२४. वनस्पतिशास्त्राच्या जुन्या पुस्तकात बुरशीबद्दल हा शब्द भेटला. तो कसा?

तिथे तो अगदी मूळ लॅटिन अर्थाने आहे. बुरशी आपले बीजाणू ज्या देठावर धरते तिथून ते झटक्याने सोडून देते, त्या क्रियेला 'अ‍ॅब्जेक्शन' म्हणतात. प्रश्न ३ मधलं 'दूर फेकणे' एवढंच त्यात आहे.